दव सुकल्यावर

किटलीचं बटण टक्‌कन वर आलं आणि घरातली शांतता मोडली. श्वास रोखून मी आतल्या खोलीकडे पाहिलं. ईव्हीनं कूस बदलली, ओठ चोखले, पुन्हा झोपली. रविवारची दुपार आणि लेक झोपलेली, म्हणजे हाताशी तासभर. चहा आणि एक जुनी वही घेऊन मी मागच्या पायरीवर बसले. परवाचा शुक्रवार डोळ्यांपुढून हलत नव्हता.

लिहू का, हे इथल्या वडीलधाऱ्या नोएलीनमावशीला आधी विचारलंय. "लिही," म्हणाली, "पण गवतात मी काय बघते ते लिहायचं नाही." म्हणून ते इथे नाही.

शाळेत मी आमच्या, म्हणजे इथल्या आदिवासी, मुलांसाठी आहे. कुणी उपाशी आलं तर सकाळी टोस्ट द्यायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर वर्गात जाऊन सांगायचं की ही पोर पंधरा दिवस येणार नाही, आणि आल्यावर तिला काही विचारू नका. मुलं मला केलीताई म्हणतात. मी या नदीकाठची नाही, लांबच्या शहरातली. माझ्या आजीला तीन वर्षांची असताना, त्या काळी आमच्या पुष्कळ पोरांना नेत तसं, आईपासून तोडून सरकारी गाडीत घालून नेलं. कुठे नेलं ते कागदावर आहे, कुठून नेलं ते नाही.

मार्ली दहावीत आहे. तिला रानराखणीच्या शिक्षणाला जायचंय आणि विज्ञानात नापास झाली तर ती वाट बंद. हॅलोरन सरांनी यंदा प्रत्येकाला वर्गापुढे पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. विषय : जमीन कशी राखतात. मी हरखले. "ही तर तुझ्या घरची गोष्ट," मी मार्लीला म्हटलं. "नोएलीनमावशी गवताला हलकी आग लावून रान राखते, तिच्या मागे मागे फिरत वाढलीस तू. उभी राहा आणि बोल."

ती उभी राहिली. पाच मिनिटं स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. सरांनी वाट पाहिली आणि शून्य लिहिलं.

"लाजते म्हणावं, तर मधल्या सुट्टीत हिचा आवाज पार पुलापर्यंत जातो," सर मला म्हणाले. "तिला येत नाहीये, केली." माणूस वाईट नाही. ते शून्य लिहिताना त्यांनाही बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोस्टला लोणी लावता लावता मी तिला धरलं. "काल मूग गिळून का उभी होतीस?"

तिनं आधी टोस्टच्या कडा खाल्ल्या. मग म्हणाली, "ताई, ते माझं नाही सांगायला."

"मग कुणाचं?"

"मावशीचं. तिनं अजून दिलं नाहीये." थोडं थांबून, "तूही विचारलं नाहीस तिला."

माझे कान तापले. तिला सगळं येत होतं. म्हणूनच ती गप्प होती, आणि त्या गप्प राहण्यात मीच तिला ढकललं होतं.

संध्याकाळी ईव्हीला कडेवर घेऊन मी मावशीकडे गेले. ती व्हरांड्यात मासेमारीच्या दोरीची गुंतवळ सोडवत बसली होती.

"ये गं. केवढी झाली ही. हिला खायला घालतेस आणि स्वतः वारा खातेस वाटतं."

"मावशी, मार्लीला बोलू द्या. नापास होईल हो ती."

"ऐकायचं कुणाला आहे?"

"शाळेला."

"शाळेला पाय आहेत का?"

"नाहीत."

"मग ज्याला पाय आहेत त्याला धाड."

हॅलोरन सर बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. मीही सोबत होते. मावशीनं दीड तास फुटबॉल काढला. सरांचा संघ कसा रडका, त्यांच्या कप्तानापेक्षा आपली म्हातारी कुत्री कशी बरी पळते. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मी दोनदा डोळे वटारले. तिसऱ्या वेळी त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि कप्तानाची बाजू घेऊन भांडायला लागले. तेव्हा मावशी म्हणाली, "शुक्रवारी. दव सुकल्यावर."

"म्हणजे मार्ली बोलेल?"

"रान काय म्हणतं बघू."

शुक्रवारी सगळा वर्ग शाळेमागच्या माळावर. अग्निशमनवाले गाडीला टेकून उभे. मावशी घडीच्या खुर्चीवरून उठली, गवतात शिरली, आणि जे बघायचं ते तिनं बराच वेळ बघितलं. मार्लीचा रंग उतरला होता. मग मावशी परत आली आणि तिनं काड्यापेटी मार्लीच्या हातावर ठेवली.

"घे. आता तुझ्याकडे. सांग त्यांना."

आणि मार्ली बोलायला लागली. त्या पोरीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नाही, घाई नाही. "एकाच जागी लावायचं. चहूकडून लावलं तर आतले जीव कोंडून मरतात." तिनं काडी टेकवली. जाळ घोट्याएवढाच उठला आणि सांडलेल्या पाण्यासारखा सावकाश गोल पसरत गेला. धूर पांढराशुभ्र. आम्ही आगीला घाबरणारी माणसं. इथला उन्हाळा घरंच्या घरं गिळतो. आणि ही आग पाळलेल्या जनावरासारखी वास घेत घेत चालली होती.

"झाडाकडे बघा," मार्ली म्हणाली.

निलगिरीच्या बुंध्यावरून मुंग्या वर चढत होत्या, कोळी, झुरळं, एक इवलीशी पाल. ओळीनं. कुणीही पळत नव्हतं. पोरांनी फोन काढले. "खाली ठेवा," ती म्हणाली आणि सगळ्यांनी ठेवले. मग तिनं बूट काढले आणि आगीच्या मागोमाग काळ्या जमिनीवरून अनवाणी चालत गेली.

हॅलोरन सरांनी गुडघे टेकून राखेवर तळहात ठेवला. "कोमट आहे," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. बोटांनी राख सारली तर खाली गवताची हिरवी बुडं जिवंत.

"किती मार्क देऊ, मावशी?" राखेचा हात पुसत त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तुमची वही, तुमचा कारभार."

त्यांनी शून्य खोडलं. पास तर ती झालीच, पण आकडा लिहिताना सरांची पेन्सिल कितीतरी वेळ कागदावर नुसती अडून राहिली.

एवढं लिहिलं तोवर ईव्ही डोळे चोळत आली आणि मांडीत शिरली. तिला मी मुंग्यांचं सांगितलं, पालीचं सांगितलं. ती अंगठा चोखत ऐकत होती.

"मला पण लावायचीय तशी आग."

"त्याला आधी विचारावं लागतं, बाळा."

"मार्लीनं कुणाला विचारलं?"

"तिच्या मावशीला."

"आणि मावशीनं?"

"तिच्या आईला. आईनं तिच्या आईला."

तिनं तोंडातून अंगठा काढला आणि माझ्याकडे वर बघितलं.

"मग आपण कुणाला विचारायचं, आई?"