जास्तीचा अर्धा सेंटिमीटर

"आई, हा त्रिकोणही चुकला," असं म्हणत सुनेने वही मास्तरबाईंपुढे सरकवली.

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. पाया सहा सेंटिमीटरचा हवा होता, तो साडेसहा भरला होता. उभी बाजूही अर्ध्याने लांब. कालचा चौकोनही असाच फुगला होता. सून बराच वेळ पट्टी लावून बघत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही शिलाईसाठी जास्तीचं सोडताय. कागद कोणी शिवत नाही, आई."

गणवेशांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्या कापड कापत होत्या. कापणाऱ्याला मास्तर म्हणायची तिथली रीत, म्हणून सातवीत शाळा सुटलेली ही बाई सगळ्या कारखान्याची मास्तर होऊन बसली होती. माप काहीही असो, कात्री त्याच्या जरा बाहेरून चालवायची, नाहीतर शिवल्यावर कपडा आखूड होतो. हात एवढंच शिकला होता, आणि कागदावरही इमानेइतबारे तेच करत होता. दोघी पोट धरून हसल्या. मग मास्तरबाईंनी वही पुन्हा जवळ ओढली. दहावीच्या गणितात दोनदा नापास झाल्यापासून त्या स्वतःला ढ समजून बसल्या होत्या.

दहावीचं हे खूळ डोक्यात शिरलं ते सुपरवायझरच्या खुर्चीपायी. आजवर तीन सुपरवायझर आले. तिघांनाही कापडाची उलट-सुलट बाजू मास्तरबाईंनीच दाखवली, आणि मग तिघेही त्यांच्या कामावर सह्या करायला लागले. एकदा धीर करून त्यांनी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, दहावीचा कागद आणा, मग बोलू. त्या दिवशी त्या हट्टाला पेटल्या.

तिसऱ्या परीक्षेला बाकावर गुडघे अडकवून त्या बसल्या. शेवटची दहा मिनिटं उरली असताना त्यांनी वर्तुळ मोजून पाहिलं. त्रिज्या साडेतीनऐवजी चार. हाताने पुन्हा घात केला होता. त्यांनी सगळी आकृती खोडली, पट्टीवर साडेतीनच्या खुणेशी डाव्या अंगठ्याचं नख रोवलं आणि कंपासचं टोक त्याला टेकेपर्यंतच उघडलं. घंटा झाली तेव्हा शेवटची रेघ नुकतीच पुरी झाली होती.

गणितात छत्तीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस पुरे होते. सून म्हणाली, "तरी एक जास्तीचा सोडलातच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरबाई गुणपत्रिका घेऊन ऑफिसात गेल्या. कारकुनाने ती वाचली आणि त्याचा चेहरा पडला. सुपरवायझरची जागा गेल्याच महिन्यात भरली होती. नवी जागा निघेपर्यंत बाई निवृत्त झालेल्या असणार, हेही त्याने चाचरत सांगितलं.

मास्तरबाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. टेबलाची कड धरून त्या उभ्या राहिल्या, जागच्या हलल्या नाहीत.

"माझ्या फाइलीत शिक्षण सातवी लिहिलंय. ते बदला," त्या म्हणाल्या.

"आता बदलून काय फायदा, बाई? दीड वर्ष तर राहिलंय तुमचं."

"फायद्याचं नाही विचारत मी. ते आता खोटं आहे."

सोमवारी बघू, असं तो म्हणाला. मास्तरबाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. उभ्या जन्मात घंटेनंतर त्या कधी बाहेर राहिल्या नव्हत्या, आज राहिल्या. शेवटी कारकून उठला आणि कपाटातून त्याने त्यांची फाइल शोधून आणली. सातवीवर आडवी रेघ मारून शेजारी त्याने दहावी लिहिलं.

"तारीख घाला," मास्तरबाई म्हणाल्या.

त्याने तारीख घातली. शाई वाळेपर्यंत मास्तरबाईंनी त्याला फाइल मिटू दिली नाही.