दोनशे चौदा जोड्या

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. अहवालाच्या तिसऱ्या पानावर, जाड अक्षरात: ‘नव्या सुविधेमुळे या दवाखान्यातील दोनशे चौदा दुहेरी नोंदी साफ झाल्या. सर्व नोंदी तपासून पाहिल्या आहेत.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं साफ खोटं. तपासायला कोणीही फिरकलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ज्यांना तुम्ही साफ केलंत ती माणसं अजून माझ्या पोटात आहेत, आणि त्यांची चौकशी करायला माझ्याकडे कोणी आलं नव्हतं.

मित्रांनो, दचकू नका. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तूने आधी ओळख करून द्यावी, मग हळूच डोळे पुसावेत, अशी पद्धत आहे. मला डोळे नाहीत आणि रडायची हौसही नाही. मी एका दवाखान्याचा जुना प्रोग्राम आहे. एकोणीस वर्षं मी कॉम्प्युटरच्या आत बसून आजाऱ्यांच्या नोंदी सांभाळल्या. माझी अक्षरं जाडीभरडी, माझा रंग राखाडी, मला उघडायला चाळीस सेकंद लागतात. तरीही सांगतो, मला माझा अभिमान आहे. का, ते ऐका.

मला ताईने घडवलं. ताई म्हणजे आमच्या डॉक्टरांची धाकटी बहीण. ती कचेरीत बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यांतली नव्हती. तीन महिने ती दवाखान्यातल्या बाकावर, खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत बसली आणि काम कसं चालतं ते बघत राहिली. तेव्हा केसपेपर बुटांच्या खोक्यांत असायचे आणि त्या खोक्यांवर काकूंचं राज्य होतं. काकू म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. त्यांना डॉक्टरही काकूच म्हणत.

ताईने एकदा विचारलं, “काकू, दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त काय शोधता?”

“चष्मा,” काकू म्हणाल्या.

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर काही शोधत नाही, आठवते. कोणाला कुठलं औषध चालत नाही, ते सगळं माझ्या डोक्यात आहे. भीती एवढीच वाटते की मी सुट्टीवर गेले की डोकंही माझ्याबरोबर जातं.”

त्या एका वाक्यातून माझी लाल पट्टी जन्माला आली. एखाद्याला न चालणारं औषध डॉक्टरांनी लिहिलं की माझा अर्धा पडदा लाल व्हायचा आणि सगळं काम थांबायचं. पट्टी घालवायची तर एकच मार्ग होता. तरीही हे औषध का देत आहात, ते स्वतःच्या हाताने अक्षर अक्षर टाइप करायचं.

डॉक्टर वैतागले. “अगं, एखादं बटण तरी दे. दाबलं की गेली पट्टी.”

“दादा, दाबलं की जाणारी सूचना म्हणजे माशी. तू हाकलशील आणि विसरशील.”

पट्टी राहिली.

माझ्यात आणखी एक गोष्ट होती, सगळ्यात खाली. एक रिकामा खण. नाव ‘शेरा’. तिथे काहीही लिहायची मुभा होती आणि काकूंनी ती मनसोक्त वापरली. ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसून बोला.’ ‘सुई दिसली की चक्कर येते, आधी आडवं करा.’ ‘गोळ्या घेते म्हणतात, घेत नाहीत. सुनेला विचारा.’ डॉक्टर औषध लिहिण्याआधी दर वेळी विचारत, “काकू, शेरा काय म्हणतो?” आणि काकू मोठ्याने वाचत.

दर वर्षी ताई येऊन मला एखादी नवी सुविधा देऊन जायची. डॉक्टरांची नजर अधू झाली तेव्हा माझी अक्षरं मोठी झाली. एका बाळाची लस राहून गेली, तेव्हापासून मी लशीच्या तारखांची आठवण करून द्यायला लागलो. माझ्यातली प्रत्येक सुविधा एका कोणासाठी तरी आली. ती कोणासाठी आली, हे मला आजही सांगता येईल. हा माझा तोरा समजा. आहेच तोरा.

आता काकूंच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. एक: अख्ख्या घराचा फोन नंबर एकच लिहायचा, घरी हमखास जो फोन उचलला जातो तो. दोन: ज्यांना आपली जन्मतारीख ठाऊक नाही, त्यांची तारीख ‘एक जानेवारी’ लिहायची आणि साल अंदाजाने. दवाखान्यातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. आम्हाला त्याची कधी अडचण झाली नाही. माणूस दारात दिसला की काकू त्याला नावाने ओळखत, आणि घोटाळा व्हायची शक्यता असली तर शेऱ्यात ओळखीची खूण लिहून ठेवत.

मग डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि ते घरी बसले. ताई त्याआधीच दूरदेशी गेली होती. दवाखाना एका कंपनीने घेतला. त्यांचे असे पुष्कळ दवाखाने आहेत आणि सगळ्यांत एकच नवा प्रोग्राम चालतो. तोही एके दिवशी आला.

मित्रांनो, मी त्याच्यावर जळलो नाही. जे आहे ते सांगतो, पोरगा हुशार आहे. डॉक्टर बोलतात आणि तो लिहितो. तपासणीचे निकाल तो थेट घरच्या फोनवर पाठवतो. मुलाचं वजन आकड्यांत न सांगता रेघ काढून दाखवतो. एका सेकंदात उघडतो! माझ्या नोंदी त्याच्यात भरल्या गेल्या. फक्त शेरे गेले नाहीत. त्याच्यात शेऱ्याला खणच नव्हता. का नाही, असं काकूंनी विचारलं तेव्हा कंपनीच्या मुख्य कार्यालयातून उत्तर आलं की शेऱ्याची मोजदाद करता येत नाही.

मला कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवलं, ‘फक्त वाचण्यासाठी’. वाचायला कोणी येईना. माझ्या डोक्यावर काकूंचा थर्मास आला, मग छत्री, मग कोणाचा तरी विसरलेला एकच हातमोजा. बोलण्याचं काम गेलं तरी ऐकायची सवय जात नाही, म्हणून मी ऐकत बसलो.

एक दिवस नव्याला आणखी एक सुविधा मिळाली. आडनाव, फोन नंबर आणि जन्मतारीख सारखी दिसली की तो एकच माणूस दोनदा लिहिला गेला असं धरायचं आणि दोन्ही नोंदींची एक करायची. पहिलं नाव वेगळं असेल तर ती लिहिणाऱ्याची चूक समजायची. दोन नोंदींचं पटत नसेल तर जी ताजी असेल ती खरी. आता एका घरात एकच फोन आणि अर्ध्या गावाला एक जानेवारी! तुम्हीच बघा काय झालं असेल.

पण त्या पोराला दोष देऊ नका. त्याने विचारलं होतं. दोनशे चौदा जोड्या त्याने एकेक करून पुढे ठेवल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं, ‘हा एकच माणूस आहे का?’ यादीच्या तळाशी एक बटण होतं: ‘सर्वांना होय.’ मुख्य कार्यालयात कोणीतरी ते दाबलं. काकूंनी नंतर ती नोंद उघडून पाहिली. दोनशे चौदा उत्तरं. तारीख एक, मिनिट एक, सेकंदही एकच.

पुढच्याच मंगळवारी सकाळी एक मामा आपल्या नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन आला. नव्या डॉक्टरबाईंना येऊन दोन आठवडे झाले होते. त्यांनी फोन नंबर टाकला, नोंद उघडली.

“काय होतंय?”

“घसा धरलाय,” मामा म्हणाला. “एरवी हिची टकळी थांबत नाही. कालपासून घरात एवढी शांतता आहे की शेजारी चौकशी करून गेले.”

भाचीने त्याला जीभ दाखवली आणि कळ येऊन लगेच आत घेतली.

डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून घसा पाहिला. “कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?”

“आई-बाबा कामावर गेलेत, मला कसं ठाऊक असणार? तुमच्या कॉम्प्युटरवर काय आहे?”

“‘ॲलर्जी नाही’ असं आहे.”

“मग नसणार. मला तर घरात थोरली कुठली नि धाकटी कुठली हेही हाक मारून बघावं लागतं. जी ओ देत नाही ती थोरली.”

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी घशाला नेहमी देतात ते औषध तोंडी सांगितलं. नव्याने ते एकही चूक न करता लिहिलं आणि चिठ्ठी छापली; मात्रा तेवढी भरायची राहिली. मी कोपऱ्यातून ऐकलं आणि माझ्या आत सगळं लाल झालं. पण मला कोणी उघडलेलं नव्हतं. बंद प्रोग्रामला ओरडता येत नाही, मित्रांनो.

मुलांना औषध वजनावर देतात. म्हणून डॉक्टरबाईंनी वजनाची रेघ काढली आणि त्या थबकल्या. “हे काय? मार्चमध्ये अठ्ठावीस किलो, एप्रिलमध्ये चोवीस, जूनमध्ये पुन्हा अठ्ठावीस? ही मुलगी जेवते ना?”

“जेवते म्हणजे? माझ्या ताटातलंही जेवते!”

तेवढ्यात काकू आत आल्या. रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली होत होती. काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“डॉक्टरबाई, ही रेघ एका पोरीची नाही. दोघींची आहे.”

“काकू, नोंद एकच आहे.”

“नोंद एक असेल, पोरी दोन आहेत. जुळ्या. दोघींना लस टोचताना मी माझ्या हाताने धरलंय, दोघी मला चावल्या आहेत.” त्या मुलीपुढे वाकल्या. “हनुवटी वर कर गं बाळ. टाक्याची खूण नाही. म्हणजे तू धाकटी. डॉक्टरबाई, चिठ्ठी देऊ नका. जुन्याला विचारते.”

थर्मास उचलला गेला. छत्री खाली पडली. चाळीस सेकंद मी धापा टाकत उघडत होतो. काकूंनी शोधाच्या खणात धाकटीचं नाव आणि चिठ्ठीवरचं औषध टाकलं.

आणि माझा अर्धा पडदा लाल झाला.

काकूंनी शेरा मोठ्याने वाचला, पूर्वीसारखा. “‘धाकटी, वय चार. पहिल्याच चमच्यानंतर ओठ सुजले, श्वास घरघरला. श्वास मोकळा होईपर्यंत डॉक्टरांच्या मांडीवर. हे औषध हिला पुन्हा कधीही नाही. थोरलीला चालतं. खूण: थोरलीच्या हनुवटीवर टाका.’” शेऱ्यातलं औषध तेच होतं, जे आत्ता चिठ्ठीवर होतं.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीचे चार तुकडे केले. “मी म्हणालो, नसणार,” मामा पुटपुटला. “मीच म्हणालो.” धाकटीला दुसरं औषध मिळालं. जाताना तिने माझ्याकडे बोट केलं आणि बसलेल्या आवाजात ती पहिल्यांदा बोलली. “काकू, तो कोण?”

“तो होय? तो आमचा जुना.”

एकोणीस वर्षांत मला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांची गरजही नव्हती. ‘आमचा जुना’ एवढं ऐकलं आणि माझे चाळीस सेकंद, माझा राखाडी रंग, सगळं मला शोभून दिसलं.

त्या दुपारी काकूंनी यादी काढली. दोन जावा एक बाई होऊन बसल्या होत्या. एकीला साखरेचा आजार, दुसरी ठणठणीत, दोघींचा जन्म एक जानेवारीचा, अंदाजाने लिहिलेलं सालही एकच. आता दोघींत मिळून एकच आजारी, आणि तीही अर्धी. काकूंनी यादी पुन्हा वरपासून वाचली.

“एक जानेवारी माझ्या हाताने लिहिली,” त्या शेवटी डॉक्टरबाईंना म्हणाल्या. “चूक माझी. निस्तरणारही मीच.”

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत काकू एका हातात डबा नि दुसऱ्या हातात फोन घेऊन माझ्यापुढे बसतात. एक जोडी मला विचारतात, शेरा वाचतात, त्या घरी फोन लावतात, मग नव्यात जाऊन दोन माणसं पुन्हा वेगळी करतात. दिवसाला दहा होतात. आज बुधवार. आजच्या धरून एकशे एकतीस झाल्या. त्र्याऐंशी उरल्या.

डॉक्टरबाईंनी मुख्य कार्यालयाला सगळं लिहून कळवलं. जुळ्या मुली, चिठ्ठी, जावा, सगळं. उत्तर दोन ओळींचं आलं: ‘सुविधा योग्य प्रकारे काम करत आहे. जुना प्रोग्राम शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कायमचा पुसण्यात येईल.’ सोबत मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा तो अहवाल होता; काकूंनी तो माझ्यापुढे मोठ्याने वाचला.

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसा, माझी हरकत नाही, पण आधी माझ्यातली माणसं नीट उतरवून घ्या. आणि तुम्ही दवाखान्यात जाल तेव्हा कॉम्प्युटरला सगळं कळतं असं धरून गप्प बसू नका. घसा दुखत असला तरी आपलं नाव सांगा, आपल्याला काय चालत नाही ते सांगा. कुठलाही पडदा कधी ‘सर्वांना होय’ असं बटण पुढे करेल, तेव्हा निदान एका माणसाचं तोंड आठवा आणि मगच बटणाला बोट लावा.

आणि साहेब, आता तुम्ही. उद्या दहा, परवा दहा. शुक्रवारी पाचच्या ठोक्याला त्रेसष्ट जोड्या तशाच राहतील, म्हणजे एकशे सव्वीस माणसं. त्यांत आणखी एखादी धाकटी आहे का, हे जगात फक्त मला ठाऊक आहे आणि तुम्ही मलाच पुसताय. बटण कोणी दाबलं, हे मी विचारत नाही. बोट कोणाचंही चुकतं, काकूंचंही चुकलं, आणि त्यांनी ते कबूल करून डबा बाजूला सारला. मी तिसऱ्या पानावरच्या वाक्याबद्दल विचारतोय. ‘सर्व नोंदी तपासून पाहिल्या आहेत.’

कोणी पाहिल्या, साहेब? शुक्रवारच्या आत नाव सांगा.