आउटबॉक्समधला अजय

"स्कॅनर दिसतोय का आता?" सावंतवाडीहून फोनवर गुरुदासने विचारले.

"माका दिसता रे. कॉम्प्युटराक दिसना नाय," डेल्सी म्हणाली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गुरुदास हसला. डेल्सीला हसू आले नाही. काल संध्याकाळी कॉम्प्युटरने आपण होऊन नवे सॉफ्टवेअर घेतले, आणि सकाळपासून तो शेजारच्या स्कॅनरला ओळख दाखवायला तयार नव्हता. वायर काढून पुन्हा लावली, यादीतले जुने नाव पुसून नवे घातले, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. पाने स्कॅन झाली. पण मेल काही जाईना. आउटबॉक्समध्ये जाऊन बसला तो बसलाच.

"पासवर्ड परत घालून बघ. मी जेवून फोन करतो," म्हणून गुरुदासने फोन ठेवला.

मालवण बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे, पहिल्या मजल्यावरचे हे ऑफिस बोटीवर माणसे पाठवणाऱ्या एजंटचे होते. साहेब मुंबईत असत. इथले सगळे डेल्सीच पाही. तोंडवलीच्या अजयचे कागद आज पाचच्या आत कंपनीला पोचायला हवे होते, तेही याच ऑफिसच्या मेलवरून आणि नीट स्कॅन केलेले. मोबाइलवरचे फोटो कंपनी घेत नसे. अजयला बसवेना, म्हणून तो खाली जेटीवर येरझाऱ्या घालत होता. त्याची आई रुक्मिणी मात्र बाकावर स्वस्थ बसली होती.

"गेलो नाय मां मेल?" तिने विचारले.

"नाय काकी. अडाकलो."

रुक्मिणीचा चेहरा सैल झाला. "आज नाय गेलो तर?"

"त्याची जागा दुसऱ्याक जातली."

"जावंदे." ती पुढे सरकली. "थोरलो असोच बोटीर गेलो. थंयच लगीन केल्यान. चतुर्थीक फोन येता, बस. तू ह्येका सांग, मशीन बिघाडला म्हणान. तुझा तो ऐकतलो."

डेल्सी पडद्याकडे वळली. तिने अडकलेले पान उघडले आणि अजयचा चेहरा पडदाभर पसरला. नव्या सॉफ्टवेअरने स्कॅनर सगळ्यात जास्त बारकावे टिपायला लावून ठेवला होता. एकेक पान इतके जड झाले होते की मेलला ते उचलवत नव्हते. एवढेच. तिचा हात माउसवरून खाली आला.

गुरुदास जेवत होता. हात तसाच ठेवला असता तर पाच वाजले असते आणि सगळे आपोआप मिटले असते.

पंखा संथ फिरत होता. खिडकीतून दुपारचा खारा वारा येत होता, आणि डेल्सी त्या वाऱ्यातच कुठेतरी निघून गेली. तिच्या नवऱ्याचे, इनासचे कागदही याच टेबलावरून गेले होते. तो तेव्हा तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता; बोटीवर गेला तो परत आलाच नाही. त्या दिवशी मशीन बिघडले असते तर? इनास घरी असता. पोट सुटले असते त्याचे. सकाळी पाव घेऊन आला असता, माडांना पाणी घातले असते, तिच्याशी भांडला असता. तिला तो लख्ख दिसला, ओट्यावर बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. तिने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तो समुद्राकडे बघत होता. ती हाका मारत राहिली आणि तो बघतच राहिला.

डेल्सीने डोळे पुसले.

"काकी, हडे ये. अडाकला खंय तां गावला माका."

रुक्मिणी पडद्यासमोर येऊन उभी राहिली. हनुवटीवरचा जुना वण, भुवईतला तीळ, ओठांवर नुकतेच आवरलेले हसू, सगळे हाताएवढे मोठे झाले होते.

"केदो झालो गो ह्यो!" ती पुटपुटली. "हो वण बघ. माडावरसून पडलेलो." तिने बोट काचेवर टेकवले आणि तिथेच राहू दिले.

"एवढो मोठो ठेवलो तर जावचो नाय," डेल्सी हळूच म्हणाली. "बारीक करूक व्हयो."

 रुक्मिणीने बोट काढले आणि पडद्यावर उठलेला ठसा पदराने पुसला.

"कर," ती म्हणाली.

डेल्सीने पाने पुन्हा स्कॅन केली, या वेळी साधी, हलकी. मेल आउटबॉक्समध्ये क्षणभर थांबला आणि निघून गेला.

धापा टाकत अजय जिना चढून आला. "गेलो?"

डेल्सीने रुक्मिणीकडे पाहिले.

"गेलो," रुक्मिणी म्हणाली. "चल, एस्टी चुकात."

खिडकीतून डेल्सीला ती दोघे रस्त्याला लागलेली दिसली. अजय लांब ढांगा टाकत चालला होता. थोड्या अंतरावर आई मागे पडल्याचे त्याच्या लक्षात आले आणि तो थांबला. रुक्मिणीने हाताने त्याला पुढे हो म्हणून खुणावले, आणि आपल्या चालीने मागून येत राहिली.