कस्तुरीची सेकंड लँग्वेज

नववीचे विषय निवडायला शाळेने सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. पालकांनी ॲपवर जाऊन टिक करायचं, की झालं. गणित, विज्ञान वगैरे मंडळी ठरलेलीच असतात. निवडायची होती ती सेकंड लँग्वेज. हिंदी, संस्कृत, कन्नड किंवा फ्रेंच. एकदा निवडलेली भाषा दहावीच्या बोर्डापर्यंत बदलता येणार नाही, अशी खाली ठळक सूचना होती. मी आणि जितेंद्रने हा प्रश्न मनातल्या मनात कधीच निकालात काढला होता. संस्कृत. आमच्याकडे संस्कृत आवडीने कुणी घेत नाही, पैकीच्या पैकी पडतात म्हणून घेतात. सासूबाईंनी घेतलं, जितेंद्रने घेतलं, मी घेतलं, आणि आज आम्हा तिघांना मिळून देव शब्दाची प्रथमा विभक्ती सोडून काही येत नाही.

शुक्रवारी जेवताना कस्तुरी म्हणाली, "मी कन्नड घेतेय."

"थर्ड लँग्वेजचं कन्नड संपलं ना आठवीत?" जितेंद्र म्हणाला.

"सेकंड म्हणून घेतेय, बाबा."

"अगं, थर्डचं कन्नड वेगळं आणि सेकंडचं वेगळं. जुन्या कविता असतात, व्याकरण असतं. इथली मुलं पहिलीपासून ते शिकतात. सत्तरवर अडकलीस तर?"

"तर सत्तर."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की जितेंद्रने निमूटपणे आणखी भात वाढून घेतला. मार्कांची काळजी मलाही होतीच, पण मी धास्तावले ती निराळ्या कारणाने. कन्नड घेतलेल्या मुलीला पुण्यात कुठली शाळा दहावीला घेणार?

कस्तुरी नर्सरीत असताना आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. दोन वर्षांची बोली होती. हेब्बाळला तलावासमोर भाड्याचा फ्लॅट घेतला आणि पाहुण्यांसारखे राहू लागलो. टीव्हीचं खोकं परत जाताना लागेल म्हणून माळ्यावर ठेवलं. पुढे टीव्ही बदलला, तर त्याचंही खोकं ठेवलं. फोटोच्या फ्रेमा भिंतीला टेकवून जमिनीवर उभ्या केल्या, कारण खिळा ठोकला की माणूस अडकतो अशी माझी समजूत. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "नेक्स्ट इयर बहुतेक." भाजीवाल्यापासून स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना मी हे सांगून ठेवलं आहे. कन्नड शिकायचं म्हणाल, तर माझी गाडी तीन शब्दांवर थांबली. स्वल्प, सरी आणि बेडा. थोडं, ठीक आणि नको. एवढ्या भांडवलावर बाईला कितीही वर्षं संसार करता येतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

खरं घर आमचं बावधनला. चौथा मजला, समोर टेकडी. आम्ही त्यात एक दिवसही राहिलेलो नाही, भाडेकरू राहतात. पण ते घर मी आणि कस्तुरीने जितकं लावलं आहे, तितकं कुणी राहतं घरही लावत नसेल. ती लहानपणी दुपारी झोपायची नाही, तेव्हा मी हा खेळ काढला. बाल्कनीत चटई टाकायची, दोघींनी आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि बावधनचं घर लावायचं. आज काय, तर स्वयंपाकघर. पिठाचा डबा कुठे? खाली, उजव्या हाताला. झोपाळा कुठे? हॉलमध्ये नको, वारा बाल्कनीत आहे. कस्तुरीची खोली आधी गुलाबी होती, मग तिच्या छतावर चांदण्या आल्या, मग एका वर्षी चांदण्या बाळबोध ठरून पुसल्या गेल्या. डोळे मिटले की मला त्या घराच्या फरशीचा गारवा तळपायांना लागायचा. बंगळूरचा अख्खा दिवस मी त्या गारव्यावर काढायचे, मीटिंगा आणि हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरची रांग धरून.

आता मात्र ते घर हाताशी आलं होतं. जितेंद्रच्या बदलीचं बोलणं पक्कं झालं होतं, दिवाळीनंतर पुण्याचं ऑफिस. कस्तुरीची नववी इथे संपवायची आणि दहावी तिथे करायची. संस्कृत कुठेही चालतं.

शनिवारी सकाळी तिला बाल्कनीत गाठलं. ती कठड्याला टेकून तलावाकडे बघत होती.

"पुण्यातल्या शाळांमध्ये कन्नड नसतं, राणी."

"माहितीये मला."

"मग कशाला हट्ट करतेस?"

तिने जरा विचार केला. "आई, घरात मी मराठी बोलते, वर्गात इंग्लिश. पण मी एकटी असते ना, म्हणजे डोक्यात, तेव्हा कन्नडच चालू असतं. ते मी ठरवून करत नाही. मला त्यात लिहायचंय. सत्तर पडले तरी चालतील."

"हे कधीपासून?"

"मला काय माहीत? नेहमीचंच आहे."

शाळा सुटल्यावर माझे कॉल संपेपर्यंत ती शेजारच्या सत्यवती अक्कांकडे असायची, अगदी नर्सरीपासून. मला वाटायचं, पोरगी तिथे बसून कोडबळे खाते आणि टीव्ही बघते. तिथे तिच्या डोक्यात एक अख्खं बिऱ्हाड मांडलं जात होतं आणि त्याचा मला वासही लागला नाही. मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही, पण निघाला तिच्यावर.

"म्हणजे आपण जन्मभर इथेच राहायचं का, कस्तुरी? मग आम्ही एवढी वर्षं काय म्हणून काढली? ते घर कुणासाठी घेतलं?"

खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना पिपाणी वाजवत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "संस्कृत टिक कर."

तिने दार आपटलं नाही की तोंडही फुगवलं नाही. उलट मला विचारलं, चहा ठेवू का? ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या मुलीशी दोन हात करता येतात; समजूतदार मुलीपुढे आईची पार पंचाईत होते.

संध्याकाळी मीच म्हटलं, "चल, घर लावू या." पुष्कळ दिवसांत लावलं नव्हतं. खरं म्हणजे तिचं वय उलटून गेलं होतं, पण ती मुकाट्याने येऊन चटईवर आडवी झाली. ऊन उतरलं होतं. तलावावरून ओलसर, शेवाळी वास येत होता, आणि विमानतळाकडे जाणारी विमानं एकामागून एक पोट दाखवत खाली येत होती. दोघींनी डोळे मिटले.

"आज तुझी खोली," मी म्हटलं. "टेबल कुठे?"

"खिडकीशी."

"दिवा?"

"डाव्या बाजूला. पिवळा."

"आणि खिडकीतून काय दिसतं?"

हे मी तिला आजवर विचारलंच नव्हतं. मला वाटे, त्यात विचारण्यासारखं काय आहे.

"पाणी," ती म्हणाली. आवाज अर्धवट झोपेतला होता. "पलीकडे फ्लायओव्हर. लाईट लागलेत. पेलिकन परत आलेत, झाडावर बसतायत."

"अगं, बावधनला टेकडी आहे."

"हो, टेकडी." ती घाईने म्हणाली. "टेकडीच दिसतेय."

मी डोळे उघडले. तिचे मिटलेलेच होते, पण पापण्या थरथरत होत्या. इतकी वर्षं आम्ही दोघी मिळून एकच घर लावत होतो. मी ते पुण्यात लावत होते आणि ही हेब्बाळला. आणि मला वाईट वाटू नये म्हणून, विचारलं असतं तर तिने दर वेळी टेकडीच सांगितली असती. त्या दिवशी मी ॲप उघडलं नाही. जितेंद्रला म्हटलं, उद्या करते.

रविवारी वरणभातावर तूप जरा जास्त झालं. एप्रिलच्या दुपारी या गावाला एक गुंगी येते. खालच्या झाडांची पिवळी फुलं गाड्यांच्या टपांवर गळत राहतात, वॉचमन खुर्चीत मान टाकतो, हॉर्नसुद्धा लांबून, उशीतून आल्यासारखे ऐकू येतात. जितेंद्र आत घोरत होता. कस्तुरी बाल्कनीतल्या चटईवर झोपली होती, मी तिच्या शेजारी कलंडले. सवयीने डोळे मिटून बावधनला गेले. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या, गार फरशीवरून चालत तिच्या खोलीत गेले. सगळं जागच्या जागी होतं. टेबल, पिवळा दिवा, पांढरी भिंत. मी खिडकी उघडली तर टेकडी नव्हती. पाणी थेट खिडकीच्या खालपर्यंत आलं होतं, संथ, हिरवं, आणि झोपाळ्यावर एक पेलिकन जड अंगाने बसून माझ्याकडे बघत होता, जणू मीच भाडेकरू. मला भीती वाटली नाही. फक्त आपण इथे उगाच आलो, असं वाटत राहिलं.

तेवढ्यात कुणीतरी बोललं आणि मी जागी झाले.

"बा," कस्तुरी म्हणत होती. "बा, इल्ली कूत्को."

ती गाढ झोपेत होती. तिच्या मराठीत कधी ऐकला नव्हता असा तो सूर होता, मऊ, आर्जवी, एखाद्या लाजणाऱ्या पाहुण्याला घरात बोलवावं तसा. पुन्हा तेच म्हणाली, पुढे आणखी बरंच काही. मला इल्ली तेवढं कळलं, रिक्षावाल्याला थांबवताना कानावर पडतं म्हणून. इल्ली म्हणजे इथे. बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं. नऊ महिने पोटात वाढवलेली मुलगी स्वप्नात काय बोलते, ते समजायला मला शेजारणीला हाक मारावी लागली असती.

थोड्या वेळाने ती उठून बसली. गालावर चटईचे वळ होते.

"झोपेत बडबडत होतीस. कुणाला बोलावत होतीस?"

ती डोळे चोळत आठवू लागली. "तुला."

"मला?"

"तलावाच्या बांधावर सगळे बसले होते. अक्का होत्या, माझ्या वर्गातली रंजिता होती. तू रस्त्याच्या पलीकडे उभी होतीस, हातात काहीतरी मोठं ओझं घेऊन. मी म्हणत होते, ये, इथे बस. किती वेळा म्हटलं."

"मग आले का मी?"

तिने मान हलवली. "तुला ऐकू येत होतं. पण कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते."

तिने हे कुठल्याही तक्रारीशिवाय सांगितलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती मला बोलावतच होती. मला सोडून ती कुठेही गेली नव्हती, आणि आज ना उद्या, दहावीत, बारावीत, कधीतरी हाका मारायची थांबली असती. बावधनच्या त्या सुंदर लावलेल्या खोलीत, टेकडीसमोर पिवळा दिवा लावून, ती माझ्याशी नीट, शहाण्यासारखी, परक्यासारखी वागली असती.

मी फोन घेतला, ॲप उघडलं आणि कन्नडवर टिक केलं. कन्फर्म करायचं का, असा प्रश्न आला. कस्तुरी खांद्यावरून वाकून बघत होती.

"आई, नको. मी म्हटलं ना संस्कृत."

"ते तू माझ्यासाठी म्हणालीस."

"मग पुणं?"

"पुणं राहिलं. बाबाशी मी बोलते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी इंजेक्शनच्या आधी बघायची तशी, खरं किती दुखणार ते ओळखायला.

"तुला चालणार आहे का?"

अशा वेळी आयांनी हो म्हणायचं असतं. माझ्या आईने माझ्या लग्नात म्हटलं होतं, सासूबाईंनी आम्ही इकडे निघालो तेव्हा म्हटलं होतं. माझ्याही तोंडावर आलंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला खूप वाईट वाटणार आहे. मला इथे कधीच आपलं वाटलेलं नाही, आणि ते घर मी रोज बघते गं, रोज. पण ते दुःख माझं आहे, कस्तुरी. त्यात तू बोर्डाची परीक्षा द्यायची नाहीस."

तिने कपाळ माझ्या दंडाला टेकवलं आणि शनिवारपासून साठवलेलं रडायला लागली, हुंदके देऊन, पाच वर्षांच्या मुलीसारखी. मी तिला थोपटत राहिले आणि दुसऱ्या हाताने कन्फर्म दाबलं. मग आत जाऊन जितेंद्रला उठवलं.