काट्यावर कोण आहे

"ड्रायव्हर, खाली उतरा," भारत माइकमध्ये म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्यानं जीभ चावली. ड्रायव्हर खालीच होता. जीवन केबिनच्या खिडकीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसानं भरलेली ट्रॉली आणि तिच्यापुढं इंजिन बंद केलेला ट्रॅक्टर, एवढंच होतं. भर दुपार, वारा पडलेला. तरी पडद्यावरचा आकडा ठरत नव्हता. थोडा वर जाई, थोडा खाली येई, बसल्या जागी कोणी चुळबुळ करावी तसा. खाली लाल अक्षरं: वजन स्थिर नाही.

हा कॉम्प्युटर दसऱ्याला बसवला होता. आधीचं टेबलाखालचं डबडं पाचटाचा भुसा ओढून ओढून दर हंगामात धापा टाकायचं, आणि शेवटी तर त्यात पालीनं संसार थाटला होता. नवा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. पंखा नाही, एक भोक नाही, भिंतीला बोल्टांनी आवळलेली. धूळ, ओल, हादरे, कशाकशाचं तिला सोयरसुतक नव्हतं. बसवणारा इंजिनिअर जाताना एवढंच म्हणाला होता, "जुना अदमासानं पावती द्यायचा. हा काट्यावर काही हलत असेल तर पावती देणार नाही."

भारतला पेटी आवडली होती. दिवसभर शेकडो ट्रॉल्या ती मुकाट्यानं मोजायची. अडायची ती फक्त जीवनच्या ट्रॉलीला, आणि तेही भरून येताना.

मागं ट्रॅक्टरांचे हॉर्न सुरू झाले, तसे सहसा खुर्ची न सोडणारे शेतकी अधिकारीही केबिनमध्ये आले.

"परत हीच ट्रॉली?"

"हो साहेब. बाकीच्यांची पावती पटकन निघते."

"मग खोट पेटीत नाही, ट्रॉलीत आहे." साहेबांनी खिडकीतून जीवनकडं पाहिलं. "चोराच्या मनात चांदणं. बघा कसा उभा आहे!"

जीवनचे कान लाल झाले. "साहेब, परवा सगळ्या मोळ्या उपसून दावल्या. आबांनी या ट्रॅक्टरवर जन्म काढला. त्यांच्या गाडीला चोर नका म्हणू."

"तुझ्या आबांचं सोड. घटकाभरात पावती निघाली नाही, तर ही ट्रॉली बाहेर. उद्यापासून गेटाच्या आत दिसता कामा नये." एवढं बोलून साहेब सावलीला निघून गेले.

भारतला फार वाईट वाटलं. जीवनचे आबा म्हणजे त्याचे वडील सहादू, भारतचा जुना दोस्त. गेल्या हंगामापर्यंत हा ट्रॅक्टर तोच आणायचा. त्याचा एक गुडघा वळत नसे, म्हणून काट्यावर तो कधी उतरलाच नाही. "भारतराव, मला उतरवायचं तर पुन्हा चढवायला क्रेन आणा," म्हणायचा. भारत हसून सोडून द्यायचा, आणि अदमासानं चालणारा जुना कॉम्प्युटरही सोडून द्यायचा. मग सहादू तसाच बसून गव्हाणीकडं जायचा, जिथं ऊस यंत्रात टाकतात. हंगाम सरता सरता गव्हाणीवर मोळ्या उचलणारी साखळी तुटली, मोळ्या त्याच्या अंगावर आल्या आणि तो तिथंच गेला. रिकामी ट्रॉली परत काट्यावर आणली ती दुसऱ्याच कुणीतरी.

भारतनं पडद्याकडं पाहिलं. आकडा चुळबुळतच होता. मग त्यानं ट्रॅक्टरच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"जीवन, इकडं ये." त्याचा आवाज आपोआप खाली आला. "रिकामी जाताना तुझी ट्रॉली कधीच अडत नाही रे. येतानाच हलते."

जीवननं वळून ट्रॅक्टरच्या सीटकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आबा इथं कधी उतरायचे नाय ना?"

"नाही. बसूनच गव्हाणीकडं जायचे."

"घरी मीच उतरवायचो त्यांना. खांदा दिला की उतरायचे." बोलता बोलता तो अडखळला. "मागच्या टायमाला मी सुरतेला व्हतो. यायला उशीर झाला. खांदा बी दुसऱ्यांनीच दिला, भारतभाऊ."



जीवननं टोपी डोक्यावर घातली आणि तो काट्यावर गेला. ट्रॅक्टरच्या पायरीपाशी पाठमोरा उभा राहिला, गुडघ्यात जरा वाकला आणि डावा खांदा वर केला.

"आबा, उतरा आता. गव्हाणीकडं मी जातो."

काहीच झालं नाही. मग जीवनचा खांदा खाली गेला. त्यानं उजवा हात छातीवरून नेऊन खांद्यापाशी काहीतरी धरलं आणि एका अंगावर कलून, मध्ये मध्ये थांबत, तो गेटाकडं चालू लागला. मागच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला नाही.

काट्याची कड ओलांडून जीवन खाली उतरला. पडद्यावरचा आकडा घसरला. ड्रायव्हर उतरला की आकडा किती पडतो, हे भारतच्या नजरेत मुरलं होतं. एका माणसानं तो एवढा पडत नाही.

मग आकडा जागच्या जागी बसला. लाल अक्षरं गेली आणि पावती सुटली.

जीवन गेटाबाहेर गेला आणि जरा वेळानं परत आला तो ताठ चालत. खिडकीतून पावती घेतली. शर्टाचा डावा खांदा पार चुरगळला होता.

"गेले?" भारतनं विचारलं.

"गेटाभाईर सोडले. फुडं वाट माहीत हाय त्यांना." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "घरी आई वाट बघत आसंल."

ट्रॉली गव्हाणीकडं गेली. काटा रिकामा झाला, पडद्यावर शून्य आलं. मागचा ट्रॅक्टर वर चढला.

भारतनं माइक ओढला.

"ड्रायव्हर, खाली उतरा," तो म्हणाला, आणि हळूच पुढं म्हणाला, "बरोबर कोणी असेल, तर त्यांनाही हात द्या."