मामांचा हातगुण

संगणक दुरुस्तीला बोलावलेल्या मामांनी कीबोर्डला हात लावला, डोळे मिटले, आणि पडद्यावरचे लालभडक पट्टे सरसर उतरून हिरवे झाले. अडकलेले रिपोर्ट भराभर छापून बाहेर पडू लागले. प्रयोगशाळेत टाळ्या वाजायच्याच काय त्या बाकी होत्या!

“यंत्रालाही माणूस कळतो बरं,” मामा म्हणाले. “काही हात शांत असतात, काही उष्ण.”

सगळ्यांनी ऑपरेटरकडे पाहिलं. ही मामांची सख्खी भाची. त्यांनीच तिला काम शिकवलं, इथे चिकटवलं. पण तिने लॉगिन केलं की सर्व्हर, म्हणजे सगळे रिपोर्ट सांभाळणारा मुख्य संगणक, हमखास बसायचा. “पुन्हा असं झालं तर तुला ठेवता येणार नाही,” प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. “रुग्ण खोळंबतात गं.” वाईट म्हणजे, आपलाच हात उष्ण आहे, हे तिलाही पटत चाललं होतं. बिचारी कामाला बसण्याआधी हात गार पाण्याने धुवायची.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर पुन्हा बसला. मामांनी पडद्यावर बसवलेला रंगीत फलक दाखवत होता, भार शंभर टक्के. पण भार टाकणारं कोण, ते त्याच्या यादीत नव्हतं. भुताटकीच की! रडकुंडीला येऊन तिने शेजारच्या खिडकीत कोणता प्रोग्रॅम किती ताकद खातो ते सांगणारं जुनंपुराणं, बिनरंगाचं ‘टॉप’ चालवलं. तिसऱ्या खिडकीत त्याचाच भाऊ ‘एचटॉप’. दोन्हींत सगळ्यात वर एकच प्रोग्रॅम होता, आणि तोच सगळी ताकद खात होता. यंत्र एकच, मग मामांच्याच फलकाला तो का दिसू नये?

तिने प्रोग्रॅम उघडून वाचला. मामांनीच तो लिहिला होता: तिने लॉगिन केलं की सुरू व्हायचं, मामांनी केलं की गप्प बसायचं, आणि मामांच्या फलकावर दिसायचं नाही.

मामा आले. “सरक, तुझा हात नको लागायला.”

“हे काय आहे, मामा?”

तिन्ही खिडक्या पाहून मामांचा चेहरा उतरला. “अगं, बिघाडच झाला नाही तर मला कोण बोलावणार?” ते पुटपुटले.

“मग त्यात माझं नाव का घातलंत?”

“तू घरचीच. म्हटलं, सांभाळून घेशील.”

तिला भडभडून आलं. परक्याने फसवलं असतं तर नुसता राग आला असता. डोळे पुसून तिने डॉक्टरीणबाईंसकट सगळ्यांना बोलावलं, तिन्ही खिडक्या दाखवल्या आणि त्यांच्यादेखत प्रोग्रॅम पुसून टाकला. मग स्वतःच्या हाताने लॉगिन केलं. पट्टे हिरवेच राहिले.

“यंत्राला हात ओळखता येत नाहीत,” ती म्हणाली. “कुणी काहीही दाखवलं तरी शेजारी दुसरी खिडकी उघडून ताडून पाहा. मी इतके दिवस नाही पाहिलं. दाखवणारा माझा मामा होता ना!”