हातोड्याच्या खांद्यावरची चिंधी

गावभर हातोडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गड्याने साडूचा पुढचा दात पाडला, तो ब्रेकच्या चकतीने. मोटारीच्या चाकामागची ती लोखंडी चकती, जेवणाच्या ताटाएवढी. ती त्याने मधल्या भिंतीवरून अशी भिरकावली की दात निघून थेट समोरच्या न्हाव्याच्या साबणात रुतला. साडूला सगळे काडी म्हणत, पण काडी काही मार खाऊन घेणाऱ्यातला नव्हता. त्याने उलट फेकलेली सायकलची चकती पत्र्यासारखी पातळ. ती गरगरत आली आणि हातोड्याच्या उजव्या कानाची पाळी कापून पुढच्या गल्लीत गेली. तिथल्या मांजराने ती पाळी खाल्ली म्हणतात. मांजर नाही म्हणालं नाही, तेव्हा खरंच असणार.

भांडण सासऱ्याच्या दुकानावरून होतं. ब्रेकदुरुस्तीचं दुकान, मधोमध भिंत. इकडे थोरला जावई हातोडा मोटारी बघायचा, तिकडे धाकटा काडी सायकली. दोघांनाही सगळं दुकान हवं होतं. रक्त बघून सासरा खाटेवरून उठला, काठीने दोघांच्या नडग्या फोडल्या आणि मग निवाडा दिला.

“पाण्याच्या टाकीपासून उतार सुटतो तो आपल्या दारात. एकाने मोटारीतून या, एकाने सायकलवरून. दाराशी खडूची रेघ मारतो. रेघेवर थांबेल त्याचं दुकान. दुसऱ्याने बायकोला घेऊन चालू पडायचं.”

“मामा, आणि दोघंही थांबलो तर?” काडीच्या दाताच्या फटीतून शिट्टी वाजली.

“तर पुन्हा एकमेकांना फोडा. मला कुठं काम आहे?”

हे दुकान गेलं तर हातोड्याला दारात कोण उभं करणार? आधीच्या मालकाचं नाक त्यानेच मोडलं होतं, आणि ही बातमी गावभर झाली होती.

दुपारी काडी जेवायला गेला तसा हातोडा भिंत चढून पलीकडे उतरला. खांद्यावर चिंधी होतीच. ती कायम तिथेच असायची, वंगणाने इतकी माखलेली की तिच्यावर बसलेली माशी घसरून पडे. सासऱ्याने पहिल्या दिवसापासून बजावलं होतं: चकतीला तेलाचं बोट लागता कामा नये. पॅड चकतीला आवळून धरतं तेव्हा चाक थांबतं. मध्ये तेल आलं की पॅड ते पिऊन बसतं आणि चकती खुशाल फिरत राहते. हे हातोड्याला तोंडपाठ होतं. म्हणून तर त्याने काडीच्या सायकलच्या दोन्ही चकत्या त्या चिंधीने मन लावून पुसल्या.

परत येऊन बघतो तर त्याच्या गाडीच्या चकत्या लाल. थोरलीने, म्हणजे त्याच्या बायकोने, सकाळी गाडी धुतली होती.

“अगं, गंज चढवलास!”

“ओल्या लोखंडाला चढतोच. दोन-चार ब्रेक मारले की झडून जातो. हात लावू नका तेवढा.”

“असली गंजकी गाडी घेऊन त्या फाटक्यासमोर जाऊ?”

ती आत वळली आणि हातोड्याचा हात खांद्यावर गेला. दिसेल ते पुसायची त्याला खोडच होती. एकदा एका पाहुण्याचं टक्कलही पुसून झालं होतं. चाकांच्या फटींतून हात घालून त्याने चारही चकत्या लख्ख केल्या आणि वर मिशीला पीळ दिला.

दारातून सासऱ्याने काठी उंचावली. दोघे टाकीपासून सुटले. काडी पुढे, हातोडा मागे. अर्ध्या उतारावर काडीने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि मागे वळून अशी शिवी हासडली की रस्त्यावरच्या खिडक्या आपोआप मिटल्या. हातोडा खदाखदा हसला. हसत हसत त्याने आपला ब्रेक दाबला.

जळक्या तेलाचा वास आला.

गाडी थांबेना. त्याने हँडब्रेक ओढला, तर तो उपटून हातात आला. बिघडला तेव्हा हातोड्यानेच तो ठोकून बसवला होता. समोर काडीची पाठ काचभर झाली. काडी दोन्ही पाय जमिनीवर घासत होता, चपलांतून धूर निघत होता.

ह्याला मारायचा तर आहेच, हातोड्याला वाटलं. पण हाताने. असा पाठीमागून, लोखंडाखाली नाही.

त्याने स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. गाडी दुकानाचं शटर फाडून आत घुसली, आडवी झाली आणि मधली भिंत घेऊनच थांबली. पलीकडच्या दारातून आत आलेला काडी सायकलसकट विटांवरून उडाला आणि डोक्याने काच फोडून हातोड्याच्या छातीवर आला. त्याचं नाक नेमकं चिंधीत.

“हाच वास!” काडी गुरगुरला. “माझ्या चकतीलाही हाच वास मारत होता, हरामखोरा!”

त्याने चिंधी हातोड्याच्या गळ्याला आवळली. हातोड्याने त्याच्या दंडाचा लचका तोडला. थोरली पाना घेऊन धावली. तिने चाकाशी वाकून वास घेतला, उठली आणि पहिला पाना नवऱ्याच्या गुडघ्यावर घातला.

“हात लावू नका म्हटलं होतं ना!”

दुसरा काडीला बसला, मध्ये आला म्हणून.

सासरा खडूची रेघ शोधत होता. ती विटांखाली गेली होती.

“कोणीच थांबला नाही,” तो म्हणाला. “दुकान पोरींचं. भिंतही नको आता.”

चिंधी त्याच दिवशी जाळली. ती म्हणे आठवडाभर जळत होती. जावई नोकर म्हणून राहिले. मारामाऱ्या अजून होतात, पण थोरलीचा एक नियम आहे: आधी साबणाने हात धुवायचे, तिला हुंगायला द्यायचे, मग काय ती एकमेकांची थोबाडं फोडायची.